वरणाची तूर आणि शेजारचें राष्ट्र

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर सायंकाळच्या वेळीं उभें राहिलें म्हणजे पाहणाऱ्याचे डोळे निवतात. नांदेड शहराच्या वरच्या अंगास गोदावरी येथें अडविली असून, कै. शंकरराव चव्हाण यांच्या नांवावरून या जलाशयास ‘शंकरसागर’ असें म्हणतात. त्यांत सुमारें ८१ दशलक्ष घनमीटर पाणी सांठतें. नदीचें पात्र खोल आणि शेतें उंचावर, म्हणून येथलें पाणी पाटानें आपोआप शेतांत जात नाहीं. तें पंपांनीं वर उचलून कालव्यांत सोडावें लागतें. नांदेडकरांच्या पिण्याच्या पाण्याचा आधार हाच, आणि आसपासच्या ऊस, केळी, हळद यांच्या हिरव्या पट्ट्यांचें जीवनही यावरच.

अशाच एका संध्याकाळीं बंधाऱ्यावरून घरीं परतलों, तों आमच्या मातोश्री व थोरल्या वहिनी माजघरांत सुपें घेऊन तुरीची डाळ निवडीत बसल्या होत्या. मला पाहतांच मातोश्री म्हणाल्या, “अरे, दुकानदार म्हणत होता, ही तूर बर्म्याची आहे. आपल्या मराठवाड्यांत तूर पिकेनाशी झाली का रे? दारांत गंगा, आणि वरण मात्र परदेशचें!”

मीं उत्तर देण्यापूर्वींच वहिनी सूप न थांबवितां म्हणाल्या, “पिकायला काय झालें? पण आपल्याच शेतांत आतां तूर कोठें आहे? तेथें ऊस उभा आहे.”

दोघींचीं हीं दोन वाक्यें त्या रात्रीं कांहीं केल्या मनांतून जाईनात. मातोश्रींच्या प्रश्नांत अभिमानाचा भाग होता, वहिनींच्या उत्तरांत अनुभवाचा. शेजारच्या राष्ट्राकडून अन्न घेणें ही लाजेची गोष्ट कीं शहाणपणाची, हा प्रश्न मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनीं चर्चिलेला आहे. परंतु ज्यांच्या ताटांत तें अन्न पडतें त्यांनींही त्याचा विचार करावयास हरकत नाहीं. म्हणून हा लेखप्रपंच.

पुसलेली सीमा आणि उमटलेली सीमा

‘परदेश’ म्हणजे काय, हें आमच्या भागांतील वडीलधाऱ्या मंडळींस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पैनगंगेच्या अलीकडे निजामी अंमल आणि पलीकडे वऱ्हाडांत इंग्रजी कारभार. भाषा एक, सोयरीक एक, देवदेवक एक. परंतु नदी ओलांडली कीं नाणें बदले. इकडे हाली शिक्का चाले व तिकडे कलदार. आणि सात हाली रुपयांस सहा कलदार असा त्यांचा सरकारी हिशेब होता. बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरापर्यंत आली, तेव्हां तेथील पेठेचा माल इंग्रजी हद्दींत नेण्याची मोठी सोय झाली. परंतु त्या मालासही करोडगिरी चुकत नसे. करोडगिरी म्हणजे संस्थानची जकात. ती सामान्यतः मालाच्या किमतीवर शेंकडा पांच असे. ती जाचक होती यांत संशय नाहीं. मात्र ती किती भरावयाची हें व्यापाऱ्यास घरून निघतांनाच ठाऊक असे. वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

संस्थान विलीन झालें, कांहीं वर्षांत जकातीचे नाके उठले आणि हाली शिक्काही गेला. जो व्यापार काल परदेशी होता तो आज घरचा झाला. ब्रह्मदेशाच्या बाबतींत याच्या अगदीं उलट घडलें. १८८५ सालीं इंग्रजांनीं मंडालेचें राज्य जिंकून थिबा राजास पदच्युत केलें व पुढें रत्नागिरीस आणून ठेविलें. तेथेंच तो १९१६ सालीं वारला. राजा तिकडून इकडे आला, आणि आमचे लोकमान्य इकडून तिकडे गेले. १९०८ पासून १९१४ पर्यंत ते मंडालेच्या तुरुंगांत होते, आणि ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनीं तेथेंच लिहिला. त्या काळीं ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत गणला जाई. १ एप्रिल १९३७ रोजीं त्याचा कारभार निराळा झाला, आणि काल जो घरचा व्यापार होता तो परदेशी ठरला. आज त्या देशास म्यानमार असें नांव आहे. बाजारांत मात्र अजून ‘बर्मा’ हाच शब्द चालतो.

या दोन सीमांपैकीं एक पुसली गेली व दुसरी उमटली. दोन्ही वेळां जमीन होती तशीच राहिली, पाऊसही तसाच पडत राहिला. म्हणून व्यापाराचें मूळ पाहावयाचें तर नकाशावरची रेघ बाजूस ठेवून माती, पाणी आणि माणसें यांच्याकडे पाहिलें पाहिजे.

मंडाले, मगवे व सगाइंग हा मध्य ब्रह्मदेशाचा कोरडा टापू. ब्रह्मदेश म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें ऐरावती नदीच्या मुखाजवळचीं भाताचीं खाचरें येतात. परंतु मंडालेकडे पाऊस बेताचाच. पश्चिमेकडील आराकानचे डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवितात. सह्याद्रीनें ढग अडविल्यामुळें मराठवाडा जसा अर्धा उपाशी राहतो, तशीच ही स्थिति आहे. तूर हें अशाच भूमीचें पीक. तिचीं मुळें खोल जातात, पाण्यासाठीं ती हट्ट धरीत नाहीं, आणि हवेंतील नत्र मुळांच्या गांठींत धरून जमिनीचा कस राखते. तेव्हां मंडालेची शेतें आणि आमचीं शेतें यांत या पिकापुरता तरी मोठा भेद नाहीं.

भेद आहे तो खाणाऱ्या तोंडांत. आमच्याकडे लहानाचा उष्टावणाचा घांस आणि म्हाताऱ्याचा पथ्याचा घांस, दोन्ही वरणाचेच. शाकाहारी कुटुंबास प्रथिनांचा मुख्य आधार डाळीचाच. तुरीच्या डाळींत शेंकडा वीस-बावीस भाग प्रथिनांचा असतो. जगांतील बहुतेक तूर भरतखंडांत पिकते, आणि तरीही ती आम्हांस पुरत नाहीं. ब्रह्मी माणूस तूर फारशी खात नाहीं. तिकडे ती पिकते ती बहुतांशीं विकण्यासाठींच, आणि तिचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे आपला देश. एकाच्या शेतांत जास्त आणि दुसऱ्याच्या ताटांत कमी, अशी ही दोन शेजाऱ्यांची जोडी आहे.

दोन जावांचा हिशेब

“परंतु आपण स्वतः पुरेशी तूर कां पिकवूं नये?” असा प्रश्न येथें कोणीही विचारील. त्याचें उत्तर डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८१७ सालींच देऊन ठेविलें आहे. त्यानें इंग्लंडचें कापड आणि पोर्तुगालची द्राक्षासव यांचें उदाहरण घेतलें. आपण आपल्या स्वयंपाकघरांतलें घेऊं.

समजा, एका घरांत दोन जावा आहेत. थोरल्या जाऊबाईंच्या हातून तासाभरांत २० पुरणपोळ्या होतात, किंवा ६० पापड लाटून होतात. धाकटीच्या हातून तासाभरांत ८ पोळ्या किंवा ४८ पापड होतात. म्हणजे थोरल्या जाऊबाई दोन्ही कामांत सरस. मग धाकटीची मदत कशास हवी? दोघींनीं प्रत्येकी एक तास पोळ्यांस व एक तास पापडांस दिला, तर घरांत २८ पोळ्या व १०८ पापड होतील. आतां धाकटीनें दोन्ही तास पापडच लाटले, तर ते ९६ झाले. उरलेल्या १२ पापडांस थोरल्या जाऊबाईंचीं अवघीं बारा मिनिटें लागलीं, आणि बाकीच्या वेळांत त्यांनीं ३६ पोळ्या केल्या. पापड तितकेच राहून आठ पोळ्या जास्त झाल्या! कारण एक पोळी करतांना थोरल्या जाऊबाईंचे तीन पापड बुडतात, तर धाकटीचे सहा. कोण अधिक कुशल हा प्रश्नच नव्हे. एक वस्तु करतांना दुसरी किती सोडावी लागते, हा खरा प्रश्न.

हाच हिशेब शेतास लावून पाहा. विष्णुपुरीच्या कालव्याखालच्या एकरांत तूर पेरली तर तेथला ऊस वा केळी सोडावी लागते. कोरडवाहू एकरांत पेरली तर सोयाबीन वा कापूस कमी करावा लागतो. मंडालेकडील शेतकऱ्यास तुरीसाठीं जें सोडावें लागतें त्याची किंमत त्या मानानें थोडी. म्हणून आम्हीं इतर माल पिकवावा, औषधें वगैरे बनवून त्यांस विकावींत, आणि त्यांची तूर घ्यावी, यांत दोघांचेंही हित आहे. व्यापार म्हणजे एकानें दुसऱ्यास फसविणें ही समजूत या हिशेबापुढें टिकत नाहीं.

येथवर मातोश्रींस उत्तर मिळालें. परंतु वहिनींचें काय?

एका घरांतले दोन पक्ष

रिकार्डोच्या हिशेबांत एक गोष्ट गृहीत आहे: दोघी जावा एकाच पंक्तीस बसतात, आणि वाढलेल्या आठ पोळ्यांचा वांटा दोघींस मिळतो. देशाच्या संसारांत तसें नेहमींच घडत नाहीं. आमच्याच घरची हकीगत सांगतों. आमचे दादा गांवीं शेती पाहतात, आणि मी नांदेडास नोकरी करतों. घर एक, धान्याची कणगी एक. परंतु तुरीच्या भावापुरते आम्ही दोघे बंधु दोन पक्षांचे आहों.

२०१५ सालच्या दिवाळीच्या सुमारास तुरीची डाळ किलोस दोनशें रुपयांच्या घरांत गेली, हें वाचकभगिनींस आठवत असेलच. आमटी पातळ झाली, वरणाची वाटी लहान झाली. दुसऱ्या वर्षीं पाऊस बरा झाला, आणि भाव पाहून शेतकऱ्यांनीं जिकडे तिकडे तूर पेरली. देशाचें तुरीचें उत्पन्न २०१५-१६ मध्यें सुमारें २५ लाख टन होतें, तें २०१६-१७ मध्यें सुमारें ४८ लाख टनांवर गेलें. दादांनींही त्या वर्षीं सारी कोरडवाहू जमीन तुरीखालीं घातली.

पीक घरांत आलें आणि भाव कोसळला. सरकारनें क्विंटलास ५०५० रुपये हमीभाव ठरविला होता. बाजारांत त्याहून पुष्कळ कमी मिळूं लागले. दादा खरेदीच्या एका केंद्रावर गाडी घेऊन गेले. तेथें गाड्यांची रांग लागलेली, आणि बारदान संपलेलें. दिवसामागून दिवस पोत्यांवर निजून त्यांनीं काढले. अखेर एके पहाटे कंटाळून त्यांनीं तूर व्यापाऱ्यास मिळेल त्या भावानें दिली व घरीं परत आले. त्या दिवशीं ते जेवले नाहींत. इकडे मात्र डाळ स्वस्त झाली म्हणून आम्हीं शहरांतील मंडळींनीं समाधान मानलें होतें.

आतां त्या वेळचा कायदा पाहा. परदेशची तूर आंत येण्यास दार उघडें होतें. आणि डाळी बाहेर पाठविण्यास २००६ पासून बंदी होती, ती तुरीपुरती सप्टेंबर २०१७ मध्यें उठली. तुरीच्या आयातीवर वर्षास दोन लाख टनांची मर्यादा घातली गेली ती ऑगस्ट २०१७ मध्यें, म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांची तूर विकली गेल्यावर! पुढें मे २०२१ मध्यें आयात पुन्हां खुली झाली, तेव्हां आमच्याकडे मृगाची पेरणी तोंडावर आली होती. हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. एकदां गृहिणीच्या तर एकदां शेतकऱ्याच्या रक्षणासाठीं सरकार धांवलें. परंतु दार केव्हां उघडेल व केव्हां मिटेल हें बियाणें घेतांना ज्यास कळत नाहीं, तो तूर कशाच्या भरंवशावर पेरील?

म्हणून कालव्याचें पाणी मिळतांच दादांनीं ऊस लावला. उसास घेणारा कारखाना ठाऊक असतो, आणि त्याचा किमान दर सरकार हंगामापूर्वीं जाहीर करतें. ऊस जमीन वर्षभर अडवितो, पाणी बेसुमार पितो. आणि आमच्या भागास पाण्याची किंमत सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें साऱ्या देशानें पाहिलें. असें असतांही शेतकरी उसाकडे धांवतो, तो पाण्याच्या लोभानें नव्हे, तर निश्चितीच्या ओढीनें.

तारखेचा गुण

शेजाऱ्यावर सर्वस्वीं विसंबणें हाही धोकाच. १९४२ सालीं जपाननें ब्रह्मदेश घेतला, तेव्हां तिकडून येणारा तांदूळ एकाएकीं थांबला. १९४३ च्या बंगालच्या भीषण दुष्काळाच्या अनेक कारणांपैकीं तें एक होय. अलीकडचें उदाहरण मोझांबिकचें. आफ्रिकेंतील हा देश पृथ्वीच्या दक्षिणार्धांतला. आमच्या तुरीस अजून शेंगा धरावयाच्या असतात तोंच तिकडची तूर बाजारांत येते. हा ऋतूंचा भेद आमच्या सोयीचा आहे. परंतु २०२३ च्या अखेरीस तिकडे कोर्टकज्ज्यामुळें माल बंदरांत अडकून पडला, आणि आमच्याकडे भाव तापले. ब्रह्मदेशांतही फेब्रुवारी २०२१ पासून लष्करी सत्तेमुळें अस्वस्थता आहे. म्हणून शेजाऱ्याचें घ्यावें, पण एकाच शेजाऱ्याचें घेऊं नये. आणि घरची पेर मोडूं नये.

ती कशी टिकावी, याचा धडा आमच्या गोदावरीनेंच दिला आहे. विष्णुपुरीच्या खालीं, धर्माबाद तालुक्यांत, बाभळी येथें महाराष्ट्रानें २.७४ अब्ज घनफूट सांठ्याचा बंधारा बांधला. खालच्या बाजूस तेव्हांच्या आंध्रचें पोचमपाड धरण. आपल्या जलाशयाच्या फुगवट्यांत हा बंधारा येतो व आपलें पाणी अडतें, अशी आंध्रची तक्रार; प्रकरण २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं निकाल झाला. १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावेत, आणि दरवर्षीं १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें, असें ठरलें. पावसाळ्यांत पाणी वाहून जातें आणि दरवाजे मिटल्यावर नदींत फारसें येत नाहीं, अशी आमच्याकडील शेतकऱ्यांची कुरकुर आहे, व ती खोटी नाहीं. तरी एक लाभ झाला: दोन्ही तीरांवरच्या शेतकऱ्यास दरवाज्याची तारीख पाठ झाली. वांटा मनासारखा नसला तरी तो ठाऊक आहे, म्हणून त्यास धरून पेरणी बेततां येते. निजामाच्या करोडगिरीविषयीं वर जें म्हटलें तें हेंच. जाचक नियमाशींही माणूस जुळवून घेतो. अनिश्चित नियमाशीं कसें जुळवावें?

तुरीसही अशी तारीख हवी आहे. जून २०२१ मध्यें ब्रह्मदेशाशीं पांच वर्षांचा करार झाला, आणि २०२१-२२ पासून दरवर्षीं एक लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद घेण्याचें ठरलें. तें पाऊल योग्य दिशेचें होतें. त्यामुळें तिकडील शेतकऱ्यास पुढचें दिसूं लागलें. तशीच हमी आमच्या शेतकऱ्यास मिळाली पाहिजे. येत्या वर्षीं किती आयात होणार, तीवर कर किती, हमीभावानें सरकार किती घेणार, हें सारें मृगापूर्वीं जाहीर व्हावें, आणि पीक घरांत येईपर्यंत तें बदलूं नये. २०२५-२६ सालासाठीं तुरीचा हमीभाव क्विंटलास ८००० रुपये ठरला. परंतु भावाचा आंकडा कागदावर कितीही मोठा असला, तरी खरेदीची खात्री नसेल तर त्या आंकड्याचें वरण शिजत नाहीं. आमच्या विभागांतील बदनापूरच्या संशोधन केंद्रानें कमी पावसांत येणारे तुरीचे चांगले वाण काढले आहेत. बियाणें आहे, जमीन आहे, कसणारे हात आहेत. उणीव आहे ती भरंवशाची.

गृहिणींच्या हातींही थोडें आहे. आमच्या आजीच्या काळीं माघ-फाल्गुनांत, नवी तूर बाजारांत आली कीं, वर्षाची तूर एकदमच घेत. उन्हांत वाळवून, जात्यावर भरडून, डाळीस एरंडेल चोळून ती डब्यांत भरीत. ज्या वेळीं शेतकऱ्यास पैशाची निकड असे, त्याच वेळीं त्यास गिऱ्हाईक मिळे. आणि आश्विनांत भाव चढले तरी घरची आमटी पातळ होत नसे. आज शहरांतील घरें लहान झालीं हें खरें. तरी चार-सहा महिन्यांची डाळ हंगामांत घेणें पुष्कळांस शक्य आहे.

हें सारें मीं मातोश्रींस समजावून सांगितलें. त्या शांतपणें म्हणाल्या, “म्हणजे बर्म्याची तूर खाण्यांत दोष नाहीं, आपली पेरतां येऊं नये यांत आहे.” माझ्या साऱ्या विवेचनाचें सार त्यांनीं एका वाक्यांत सांगून टाकलें.

गेल्या सुट्टींत दादा आले, तेव्हां पानावर बसल्यावर वहिनींनींच विषय काढला. दादांनीं भातावरचें वरण कालवीत थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, “विहिरीकडचा वरचा तुकडा उसास तसाही सोसत नाहीं. तेथें यंदा तूर टाकूं. आपल्या घरापुरती तर होईल. आणि घरच्या तुरीस कोणाच्या भावाची वाट पाहावी लागत नाहीं.”

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु त्यांनीं दादांच्या वाटींत आणखी एक पळी वरण वाढलें.